पाणी कधी सुटणार ते आधी सांगा, डासाचं आम्ही बघतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्याच तालुक्यातल्या एका गावाचा फोटो आला होता. धुराचं मशीन खांद्याला लावलेला माणूस, पाठीमागं पळणारी पोरं, आणि खाली लिहिलेलं की डेंग्यूचे पेशंट सापडल्यामुळं गावात तातडीनं फवारणी केली. मी बारा वर्षं झाली आशा म्हणून काम करते, असल्या धुराच्या मागं मी पण पुष्कळ फिरले आहे, म्हणून तो फोटो बघून राहवलं नाही आणि लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा पण पाण्याचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी धुराचं सांगते. धुरानं उडणारा डास मरतो, तो पण जो बाहेर आहे तो. डेंग्यूचा डास बसतो घरात, कपाटाच्या मागं, खुंटीवरच्या कपड्यात, कॉटखाली अंधारात. आणि धूर मारायला माणूस आला की आपण काय करतो, दारं खिडक्या गच्च लावून घेतो कारण चुलीवर कालवण असतंय, पाळण्यात लेकरू असतंय. दारं उघडी ठेवा म्हणून आम्ही ओरडून सांगतो पण कोण ठेवणार. मग धूर राहतो रस्त्यावर आणि डास राहतो घरात. बरं एवढं करून मेले डास तरी बॅरलमधल्या अळ्या तशाच असतात, त्यांना धुराचा काही फरक पडत नाही, दोन चार दिवसात त्यांचे नवीन डास तयार. धूर अजिबात नको असं मी म्हणत नाही, साथ लागली असली तर तेवढ्यापुरता उपयोग आहे, पण पेशंट सापडल्यावर धूर मारला म्हणजे गावानं डेंग्यूवर काम केलं हा जो समज झालाय तो फार वाईट आहे. कारण त्या समजामुळं पुढचं कुणी काही करतच नाही.

आमच्या बार्शीला हे दुखणं नवीन नाही. चिकुनगुन्याची मोठी साथ आपल्या बार्शीत १९७३ साली आली होती, पुण्याच्या विषाणू संस्थेच्या लोकांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं ते साल, लोकांनी मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवलं असेल असं मला वाटतं. त्यानंतर तीस बत्तीस वर्षं हे दुखणं देशात गायबच होतं आणि २००५-०६ ला परत आलं तेव्हा २००६ या एका वर्षात देशात जवळपास १४ लाख लोकांना झालं. ते मी डोळ्यांनी बघितलंय. नवीन लग्न होऊन मी या गावात आले होते, ऐन पावसाळ्यात उडीद काढायच्या टायमाला निम्मं गाव भिंतीला धरून चालत होतं. सासूबाईंची बोटं वळत नव्हती, त्यांना भाकरी थापता येईना, आणि हे एक दोन दिवस नाही तर पुढं सहा महिने. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियाकडच्या भाषेतला आहे, त्याचा अर्थच वाकवून टाकणारा असा काहीतरी आहे हे मला नंतर ट्रेनिंगला कळलं, आणि तेव्हा सासूबाईच डोळ्यासमोर आल्या.

डेंग्यू, चिकुनगुन्या दोन्हीचा डास एकच, एडिस. काळा, अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो. २०२१ च्या जुलैमधे पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला झिकाचा पेशंट सापडला तो पण याच डासाचा. आणि बेलसर हे काही शहर नाही, तुमच्या आमच्यासारखंच गाव आहे. तरी लोक अजून म्हणतात डेंग्यू शहराचा रोग. पूर्वी असेल, पण आता खेड्यात घरटी प्लॅस्टिकची बॅरलं आहेत, सिमेंटचे हौद आहेत, पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून टायर ठेवलेत, कूलर आहे, फ्रीज आहे. शहरात जे होतं ते सगळं इथं आलं, आणि नळाला रोज पाणी येणं एवढं मात्र आलं नाही.

लोकांना सांगताना आम्ही सगळ्यात मोठी चूक काय करतो तर 'स्वच्छता ठेवा, डास पळवा'. भिंतीवर पण हेच लिहिलेलं असतं. त्यामुळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की डास म्हणजे घाण, गटार, उकिरडा. गटारातला डास वेगळा, तो क्युलेक्स, त्यानं हत्तीपाय होतो. मलेरियाचा ॲनाफिलिस आणखी वेगळा, तो रात्री चावतो म्हणून मच्छरदाणी लावली की बराच बंदोबस्त होतो, गडचिरोलीकडं तेच काम मोठं आहे. पण हा एडिस स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, नितळ, झाकून ठेवलंय असं आपल्याला वाटतं त्या पाण्यात. आता विचार करा, एखाद्या बाईचं घर आरशासारखं आहे, अंगण सारवलेलं, भांडी चकचकीत, आणि मी बॅटरी लावून तिच्या रांजणात बघते आणि म्हणते काकू अळ्या आहेत. तिला काय वाटत असेल. चार बायकांदेखत मी तिला घाणेरडी म्हणाले असंच तिला वाटणार. एका घरी तर मला परत येऊ नको म्हणून सांगितलं होतं, त्या वहिनी दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांची चूक नाही, आमच्या घोषणेची चूक आहे.

सासरे होते तोवर ते मलेरियाच्या जुन्या गोष्टी सांगायचे. डीडीटी मारायला माणसं यायची, भिंतीवर फवारल्याची तारीख लिहून जायची, आणि ती गेली की सासऱ्यांची आई दुसऱ्याच दिवशी सगळी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून काढायची, कारण वास यायचा आणि सणाला भिंतीवर डाग नको. कुणी तिला सांगितलंच नाही की डास भिंतीवर बसतो म्हणून औषध भिंतीवर राहायला पाहिजे. देशात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, १९५३ ला मोहीम सुरू झाली, साठ पासष्टपर्यंत हा आकडा लाखाच्या आसपास आला, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि १९७६ ला परत ६४ लाख. कारणं पुष्कळ होती, डासाला औषध लागू पडेना, काम ढिलं पडलं, पण ती पोतारलेली भिंत पण मला त्यातच दिसते. माणूस घरात येतो, काहीतरी करून जातो, घरच्या बाईला विचारत नाही आणि सांगतही नाही. अजून तेच चाललंय. मी अळ्या मारायचं अबेटचं औषध बॅरलमधे टाकलं की माझी पाठ वळायच्या आत बायका ते पाणी ओतायच्या, पाण्यात विष टाकलं म्हणून. ते औषध प्रमाणात टाकलं तर पिण्याच्या पाण्यालासुद्धा चालतं, जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे, पण हे मी त्यांना टाकायच्या आधी बसून सांगायला पाहिजे होतं. माझ्याकडं तेवढा वेळ नसायचा, दिवसाला एवढी घरं झाली पाहिजेत असं वरून असायचं.

आता मुद्द्यावर येते. कोरडा दिवस. आठवड्यातून एक दिवस सगळी पाण्याची भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. का, तर अंड्यापासून डास व्हायला आठ दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात सातच, म्हणजे आठवड्याला एकदा भांडं कोरडं केलं की अळीचा डास होतच नाही. शास्त्र बरोबर आहे. आमच्या गावात सोमवार ठरवून दिला. मी बारा महिने सांगत फिरले, सोमवारी कोरडा दिवस पाळा, आणि वहीत लिहीत गेले की लोक सहकार्य करत नाहीत.

एकदा बचत गटाच्या मीटिंगला हाच विषय काढला तर एक मावशी, साठीच्या असतील, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, त्या म्हणाल्या, "आगं पोरी, तू म्हणतीस सोमवारी बॅरल वत. पाणी येतंय कवा? आठ दिसानं येतंय, कवा धा दिसानं. सोमवारी वतलं आन पाणी शुक्रवारी आलं तर मधी लेकरं काय प्यायची?" मला उत्तर देता आलं नाही. मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणाला पाणी रात्री दोनला येतं, कुणाच्या गल्लीला येतच नाही, मोटर जळाली की पंधरा दिवस बंद. आणि त्या बोलण्यातून मला एक गोष्ट कळली जी बारा महिने घरोघर फिरून कळली नव्हती. बायका बॅरल रिकामं का करत नाहीत, तर आळसानं नाही, पाणी परत कधी येईल याचा भरोसा नाही म्हणून. त्यामुळं पाणी आलं की असलेल्या पाण्यावरच नवीन पाणी भरतात. बॅरल कधी तळाला जातच नाही. वर्षभर त्याच्या तळात गाळ आणि काठाला अंडी. आणि एडिसची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेघेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं नाहीतर ब्रशनं घासावंच लागतं.

म्हणजे बघा, आमचं पाण्याचं चक्र आठ दहा दिवसांचं आणि डासाचं पण आठ दहा दिवसांचं. नळाला रोज पाणी असतं तर एवढं साठवावंच लागलं नसतं. जलजीवन मिशन २०१९ ला आलं, घरोघर नळ, माणशी रोज ५५ लिटर असं ठरलं. नळ बहुतेक घरांत बसला, ते चांगलंच झालं. पण नळ असणं वेगळं आणि त्याला पाणी असणं वेगळं. गावाचं सोडाच, सोलापूर शहरातसुद्धा लोकांनी वर्षानुवर्षं चार चार पाच पाच दिवसाआड पाणी भरलेलं आहे.

त्याच मावशींनी मग तोड सांगितली. "पाणी सुटायच्या आदल्या सांजला बॅरल तसंबी खालीच गेल्यालं आसतंय. तवा सांग की घासा म्हणून. पर उद्या पाणी येणार हाय हे आमाला कळाय पायजे." एवढंच. आमचे पाणी सोडणारे अण्णा आहेत ग्रामपंचायतीचे, त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले मलाच लाईटचं माहीत नसतं तर मी काय सांगू. खरंय त्यांचं पण. मग असं ठरलं की ज्या दिवशी गावाच्या टाकीत पाणी चढलं त्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या स्पीकरवरनं सांगायचं की उद्या अमुक गल्लीला पाणी सुटणार आहे, आज भांडी घासून पालथी घाला. आणि ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला पण टाकायचं. दर सोमवारचा कोरडा दिवस आम्ही सोडून दिला, पाण्याचा आदला दिवस हाच कोरडा दिवस. दहा अकरा शब्दांची अनाउन्समेंट आहे ती, पण त्यानं जे झालं ते माझ्या सगळ्या पोस्टर आणि प्रभातफेऱ्यांनी झालं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात दोनदा स्पीकरवर सांगितलं आणि पाणी आलंच नाही, लाईट गेली, लोकांनी भांडी घासून ठेवलेली, मग काय शिव्या बसल्या त्या अण्णांना आणि मला. त्यानंतर ठरलं की पिण्याचं एक भांडं भरलेलं ठेवायचं, त्याला जुन्या धोतराचं नाहीतर साडीचं फडकं दोरीनं गच्च बांधायचं, नुसतं ताट झाकून उपयोग नाही, बाजूच्या फटीतनं डास जातो. जमिनीतले सिमेंटचे मोठे हौद उपसणं होतच नाही, तिथं अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, प्राथमिक आरोग्य केंद्राकडनं मिळाले. जनावरांच्या पाण्याच्या हौदाला पण तेच. गप्पीचं काम पोरांना दिलं, ते आवडीनं करतात, कुणाच्या हौदातले मेले कुणाच्या हौदात पिल्लं झाली हे सगळं त्यांना पाठ असतं. संडासाच्या पाईपला जाळी बांधायची राहिलीच होती, ती पण पोरांनीच मोजून आणली.

आणि अपमान वाटण्याचं जे मी वर लिहिलं त्यावर एका शाळेच्या बाईंनी चांगली कल्पना दिली. घरोघर जाऊन 'तुमच्याकडं अळ्या आहेत' म्हणायचं बंद. त्याऐवजी माझ्याच घरच्या बॅरलमधल्या अळ्या काचेच्या बरणीत घातल्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि गणपतीच्या मंडपात ठेवली, हो माझ्याच घरच्या, आशाताईच्या घरी पण निघतात हे गावानं बघू दे म्हणून. अळ्या वळवळताना सगळे बघायचे, मग तिसऱ्या चौथ्या दिवशी त्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या झाल्या, आणि विसर्जनाच्या आत बरणीत डास भुणभुणायला लागले, पायांवर पांढरे पट्टे. म्हातारी माणसं चष्मा वर करून करून बघत होती. एक आबा म्हणाले, "हे तर आमच्या रांजणात रोज असत्यात, आमी म्हणायचो पाण्यातलं किडं हायेत, पाणी जिवंत हाय." किती वर्षं त्यांनी ते बघितलं असेल, पण त्या किड्याचा डास होतो हे कुणी दाखवलंच नव्हतं. सप्टेंबर म्हणजे डेंग्यूचा ऐन हंगाम आणि गणपतीत सगळा गाव एका जागी येतो, यापेक्षा चांगली वेळ कुठली. मंडळांनी मोठ्या देखाव्यासोबत अशी एक बरणी ठेवावी अशी माझी मनापासून विनंती आहे, खर्च काहीच नाही.

माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मम्मी हे बाहेरच्या देशात मोठ्या प्रमाणावर झालंय. निकाराग्वा आणि मेक्सिको या दोन देशांत गावागावात असं केलं की आधी लोकांना त्यांच्याच वस्तीतल्या अळ्यांची माहिती दिली आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं, औषध न वापरता. मग जिथं केलं आणि जिथं नाही केलं त्यांची तुलना केली तर पोरांमधे डेंग्यूची लागण जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाली, २०१५ ला हे छापून आलं. व्हिएतनाममधे तर आपल्यासारखेच घरोघर पाण्याचे हौद आणि रांजण, तिथं त्यांनी पाण्यात एक बारीक किडा सोडला जो अळ्या खातो, आणि गावातले लोक आणि शाळेची पोरं लक्ष ठेवायची, ३७ पैकी ३२ गावांमधनं एडिस डासच संपला. मी म्हणत नाही आपण त्यांचं तसंच उचलावं. पण त्यांनी पण माणसांनाच धरून केलं ना, धुराच्या मशीनला धरून नाही.

लांब कशाला, आपल्याकडं नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे (आपलं माढ्याचं टेंभुर्णी नव्हे), त्यांनी घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारंच बंद केली आणि गाव डासमुक्त म्हणून नावाजलं, मग जिल्हा परिषदेनं तेच नांदेड जिल्ह्यात सगळीकडं नेलं, रोजगार हमीतनं. मोरीचं पाणी छिद्रं पाडलेल्या सिमेंटच्या टाकीत, भोवती दगड गोटे, पाणी जमिनीत मुरून जातं. यानं गटारातला क्युलेक्स जातो, रात्रीची झोप लागते आणि वर पाणी मुरतं ते वेगळंच. पण परत सांगते, एवढं करून कुणी म्हणू नये की आता डेंग्यू नाही, डेंग्यूचा डास बॅरलमधेच आहे. दोन्ही कामं वेगळी आहेत, दोन्ही करायला पाहिजेत.

अजून एक गोष्ट आहे जी मीटिंगमधे कुणी बोलत नाही म्हणून इथं लिहिते. गावाच्या कडेला जी वस्ती आहे तिथं पाणी सगळ्यात शेवटी जातं. पाईपलाईनला शेवटी, टँकर आला तरी शेवटी. म्हणजे गावात आठ दिवसाला येतं तर तिथं बारा पंधरा दिवसाला. त्यांना जास्त दिवस साठवावं लागतं, मिळेल त्या डब्यात, औषधाच्या कॅनमधे, फुटक्या टाकीत. मग सर्व्हे केला की सगळ्यात जास्त अळ्या तिथंच निघणार, आणि रिपोर्टमधे लिहिणार की या वस्तीतले लोक अस्वच्छ आहेत, ऐकत नाहीत. मी स्वतः असं लिहिलेलं आहे एकदा, त्याचं मला आजही वाईट वाटतं. हा डास फार लांब उडत नाही, शंभर दोनशे मीटरच्या आतच फिरतो, म्हणजे ज्या गल्लीत निपजला त्याच गल्लीतल्या लोकांना चावणार. पण माणूस फिरतो. त्या वस्तीतला तापानं फणफणलेला माणूस गावात कामाला येतो, इथला डास त्याला चावतो, आठ दहा दिवसांनी तोच डास पाटलाच्या पोराला चावतो. पाणी वाटताना वस्ती वेगळी काढता येते, तापाला नाही काढता येत. पाण्याची पाळी एकदा उलटी करून बघा, वस्तीला आधी द्या, मग अळ्या कुठं निघतात ते मला सांगा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातली नववीतली एक पोरगी आजारी पडली. ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग ठणकतंय. घरच्यांनी जवळच्या एका डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी दोन दिवस सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रक्त काही तपासलं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला, सगळ्यांना बरं वाटलं, आईनं नैवेद्य पण दाखवला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, उलट्या, हिरड्यातनं रक्त. ताप उतरतो तोच डेंग्यूतला धोक्याचा काळ असतो, हे मला माहीत होतं पण मला कुणी सांगितलंच नव्हतं की ती आजारी आहे, पोरीच्या तापासाठी आशाला कशाला बोलवायचं. रात्री गाडी करून शहरात नेली, पोरगी वाचली, देवाची कृपा, पण बापानं म्हैस विकली. त्यानंतर मी घरोघर हेच सांगते की ताप आला की पहिल्या दुसऱ्या दिवशीच मला कळवा, रक्त सरकारी दवाखान्यात द्या, तिथं तपासणी फुकट आहे. तापाला पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका, ॲस्पिरिन, ब्रुफेन तर नाहीच नाही, त्यानं रक्तस्राव वाढतो. पाणी, पेज, ताक भरपूर. आणि ताप गेल्यावर दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघा, पोटदुखी, सारखी उलटी, कुठनंही रक्त, हातपाय गार, सुस्ती, यातलं काहीही दिसलं की रात्र आहे दिवस आहे बघू नका, निघा.

आता जे मागायचं ते मागते. ग्रामपंचायतींना माझं सांगणं आहे की पाणी सुटायच्या आदल्या दिवशी सांगायची पद्धत पाडा, त्याला ठराव लागत नाही निधी लागत नाही. ग्रामसभेत डासाचा विषय येतो तेव्हा पाण्याच्या पाळीचा विषय त्याला जोडूनच घ्या, आणि त्या दिवशी बायकांना पाठीमागं बसवू नका, पाणी त्या भरतात. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपये असतात, त्यातनं बॅटरी, ब्रश, जाळीचं कापड एवढं तरी आणता येतं, सतरंज्या आणि फलक पुष्कळ झाले. आरोग्य खात्यातल्या साहेबांना विनंती की आम्हाला दिवसाला घरं किती झाली हे विचारण्याबरोबर कुठल्या गल्लीला किती दिवसानं पाणी येतं ते पण लिहायला एक रकाना द्या. जून हिवतापाचा महिना आणि जुलै डेंग्यूचा महिना म्हणून पाळतो ते ठीक आहे, पण आमच्याकडं बॅरलं मार्चपासूनच भरायला लागतात, अंडी तेव्हाच बसतात. पावसाची वाट का बघायची.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक मागणं आहे. धुराचे फोटो छापा, पण त्याच्या शेजारी एवढं विचारून छापा की या गावाला पाणी किती दिवसानं येतं. वार्ताहरानं एक प्रश्न जास्तीचा विचारायचा आहे. आमच्या गल्लीला बहुतेक येत्या शुक्रवारी पाणी आहे, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी स्पीकरवर सांगतील. त्या वेळेला तुमचे वार्ताहर आले तर मी सोबत फिरते, कुठल्याही घरात बघू द्या, माझ्या घरापासनं सुरुवात करू. येताना बॅटरी आणायला सांगा, सहा नंतर आमच्याकडं लाईट नसते.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. बार्शी, जि. सोलापूर
(कृपया नाव आणि गाव छापू नये)